हेल्मेटच्या वादाआड राहिलेले पुण्याचे अपघात

पुण्यात रस्त्यावरच्या मृत्यूंचा विषय निघाला की बोलणं पाच मिनिटांत हेल्मेटवर येतं आणि तिथेच अडतं. हे का झालं हे समजून घ्यायचं, तर १ जानेवारी २०१९ पासून शहरात सुरू झालेली हेल्मेटसक्तीची कारवाई नीट पाहावी लागते.

त्याआधीचं थोडक्यात. आकुर्डीत बनणाऱ्या स्कूटर आणि १९७२ साली आलेली लूना मोपेड यांनी सायकलींच्या शहराला दुचाकीवर बसवलं. बसच्या भरवशावर कामाला वेळेत पोचता येईना, तेव्हा घरटी एक गाडी आली, मग माणशी एक. पेठांमधले रस्ते होते तेवढेच राहिले. १९८८ चा मोटार वाहन कायदा जुलै १९८९ मध्ये लागू झाला आणि त्याच्या कलम १२९ नं दुचाकीवर हेल्मेट बंधनकारक केलं. पुढची तीस वर्षं पुण्यात मोहिमा निघत राहिल्या, चार दिवस पावत्या फाटल्या आणि सगळं पुन्हा होतं तसं झालं.

त्यामुळे २०१९ उजाडताना पोलिसांनी रोजची कारवाई सुरू केली, तेव्हा नवीन काहीच लादलं जात नव्हतं. तरी शहर पेटून उठलं. पुणेरी पगड्या घालून, हेल्मेटविना दुचाकी फेरी निघाली. विरोधकांचं म्हणणं साधं होतं: हायवेवर घालू, शहरात नको. शहरात वेग कमी, मान दुखते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, उतरल्यावर ते ओझं ठेवायचं कुठे. शिवाय कलम १२९ मध्येच राज्याला नियम करून अपवाद ठरवण्याची मुभा होती, मग महापालिका हद्द वगळा, अशी मागणी होती. पाचशे रुपयांच्या दंडाचा रागही होताच. रस्त्यावरचे खड्डे वर्षानुवर्षं बुजत नाहीत आणि चौकात मात्र चार मामा एकाच झाडाआड उभे असतात, ही तक्रार खोटी नव्हती. पावसाळ्याच्या तोंडावर लोकप्रतिनिधींनी शब्द टाकला आणि रस्त्यात अडवून होणारी कारवाई थंडावली.

यात कमी वेगाचा मुद्दा सगळ्यांना पटतो आणि तोच सगळ्यात घातक आहे. दीड मीटरवरून डोकं खाली आलं, तर ते ताशी साधारण वीस किलोमीटर वेगानं जमिनीवर आदळतं. गाडी सिग्नलला उभी असली तरी. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर त्या क्षणी चेपतो आणि डोक्याला थांबायला जरा जास्त वेळ मिळतो. त्याचं काम एवढंच. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याची ६९ टक्क्यांनी कमी होते. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसं अपघातात गेली. त्यांतली १४,३३७ मागे बसलेली होती.

कारवाईनं एक वाईट सवयही लावली. हेल्मेट कोपरात अडकवायचं आणि चौक दिसला की डोक्यावर टेकवायचं. हनुवटीखालचा पट्टा मोकळाच. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्या धक्क्यालाच निघून जातं, डोकं आपटायच्या आधी. फुटपाथवर मिळणारी अर्धी टोपी पावती चुकवण्यापुरती होती. आयएसआय नसलेल्या हेल्मेटच्या विक्रीवर बंदी यायला जून २०२१ उजाडलं.

माझ्या मते पुण्याचं खरं नुकसान असं झालं, की या एका वादात बाकीचं सगळं मागे पडलं. हेल्मेट आदळल्यानंतर वाचवतं. आदळू नये म्हणून जे करायचं, त्यावर इतकं तावातावानं कोणी भांडलं नाही. उलट दिशेनं येणारे, यू-टर्न लांब पडतो म्हणून फुटपाथवर गाडी घालणारे, पिवळा दिसला की वेग वाढवणारे यांच्यावर मोर्चा निघाला नाही, ना बाजूनं ना विरोधात.

मुंबई-बेंगळुरू महामार्गावरचा कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार घ्या. डिझेल वाचवायला जड गाडी न्यूट्रलवर सोडली की इंजिन गाडीला धरून ठेवत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वेळी लागत नाहीत. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकमुळे चाळीसहून जास्त गाड्या एकमेकींवर आदळल्या, तेव्हा कुठे वेगमर्यादा, रम्बलर (वेग कमी व्हावा म्हणून रस्त्यावर केलेले उंचवट्यांचे पट्टे) आणि उताराची रचना यांवर गंभीरपणे बोलणं सुरू झालं.

मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीनं दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला आणि शहराचं लक्ष दारू, वेग आणि पालक यांच्याकडे वळलं. अल्पवयीनाच्या हाती गाडी दिली तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, ही तरतूद २०१९ च्या दुरुस्तीतच आलेली होती. आपण त्या वर्षी हेल्मेटवर भांडत होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांनी हेल्मेट नसेल तर दुचाकीवर मागे बसणाऱ्यावरही स्वतंत्र कारवाई करा असं कळवलं, आणि पुण्यात पुन्हा तोच प्रश्न आला: हायवेवर ठीक, पण शहरात कशाला?