मुंबई–न्यूयॉर्क हवाई अंतर व प्रवासकाळ

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांमधील सर्वांत कमी हवाई अंतर सुमारे 12,500 किमी आहे. कुठेही न थांबणाऱ्या विमानाला जाताना साधारण 16 तास, तर येताना 14 ते 15 तास लागतात.

भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवली, तर रेघ अरबस्तान, इजिप्त, मोरोक्को करत अटलांटिक ओलांडते. ती सरळ दिसते, पण तिची लांबी सुमारे 14,200 किमी भरते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला की खरा जवळचा मार्ग सापडतो. तो मुंबईहून वायव्येला निघतो आणि सिंध, अफगाणिस्तानातील हेरात, रशियातील साराताव, सेंट पीटर्सबर्गचा परिसर व मध्य नॉर्वेवरून आइसलँडजवळ जवळपास 65 उत्तर अक्षांशापर्यंत चढतो. मग ग्रीनलँडचे दक्षिण टोक आणि कॅनडाचा क्वेबेक प्रांत यांवरून खाली उतरतो. मुंबई 19 आणि न्यूयॉर्क 41 अंशांवर असताना विमान इतक्या उत्तरेला का जाते, हा खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला हमखास पडणारा प्रश्न आहे.

जाण्यायेण्याच्या वेळेतला फरक मुख्यतः वाऱ्यामुळे पडतो. मध्य अक्षांशांत साधारण 9 ते 12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात. न्यूयॉर्कहून येताना ते पाठीशी असतात, जाताना समोरून येतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. वेळापत्रकात छापलेला काळ हा केवळ हवेतला नसतो. विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंतचा ‘ब्लॉक टाइम’ तिथे दिलेला असतो.

मार्ग ठरतो तो भूमितीइतकाच राजकारणावर. फेब्रुवारी ते जुलै 2019 या काळात आणि पुन्हा एप्रिल 2025 पासून पाकिस्तानी हवाई हद्द भारतीय विमानांना बंद झाली. समुद्रकाठच्या मुंबईला अरबी समुद्रावरून वळसा घेता येतो. दिल्लीला तो फार महागात पडला आणि 2025 मध्ये तिथल्या काही उत्तर अमेरिकी उड्डाणांना इंधनासाठी व्हिएन्नात उतरावे लागले. रशियाचे आकाश अमेरिकी कंपन्यांना 2022 पासून मिळत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये युनायटेड या अमेरिकी कंपनीने न्यूयॉर्कलगतच्या नेवार्क विमानतळावरची नेवार्क–मुंबई सेवा थांबवली होती.

हे अंतर एका दमात कापणे ही तशी अलीकडची गोष्ट. एअर इंडियाने 1948 मध्ये मुंबई–लंडन सेवा सुरू केली, तीही कैरो व जिनिव्हामार्गे. न्यूयॉर्कपर्यंतची बोइंग 707 ची सेवा 1960 मध्ये आली. मुंबई–न्यूयॉर्क विनाथांबा उड्डाण एअर इंडियाने ऑगस्ट 2007 मध्ये बोइंग 777-200 एलआर विमानाने सुरू केले. या विमानाच्या टाक्यांत सुमारे 1 लाख 81 हजार लिटर इंधन मावते. एवढ्या लांबच्या उड्डाणात वैमानिकांच्या दोन जोड्या असतात व त्या आळीपाळीने झोपतात.

घड्याळाचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. मुंबई न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात साडेदहा तास पुढे असते, तर मार्च ते नोव्हेंबर या काळात साडेनऊ. हिवाळ्यात रात्री 1 वाजता मुंबई सोडून 16 तास उडालेला प्रवासी त्याच तारखेला सकाळी 6.30 वाजता उतरतो. परतताना न्यूयॉर्कहून दुपारी 12 ला निघून साडेचौदा तासांनी तो मुंबईत पोहोचतो, तेव्हा दुसऱ्या दिवशीचा दुपारचा 1 वाजलेला असतो.