बर्फ पेशीबाहेर अडवणारा बेडूक

जानेवारीत रावेर-यावलकडे पारा 8-10 अंशांवर उतरला की केळीची वाढ खुंटते, पानं पिवळी पडतात, घड निसवायला उशीर होतो. बर्फ दूरच, नुसत्या गारठ्याने ही गत. तेच केळं घरच्या फ्रीजरमध्ये, साधारण उणे 18 अंशांवर, रात्रभर ठेवून पाहा. वितळल्यावर गर लिबलिबीत होतो, कारण बर्फाच्या स्फटिकांनी पेशींची आवरणं फाडलेली असतात.

अलास्कातला वुड फ्रॉग हा बोटभर बेडूक जवळपास तेवढीच थंडी सोसतो. फेअरबँक्स भागात नैसर्गिक जागीच ठेवून केलेल्या, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे बेडूक सरासरी 193 दिवस गोठलेले राहिले. तापमान उणे 18 पर्यंत गेलं, तरी सगळे जगले. गोठलेल्या बेडकाचं हृदय बंद, श्वास बंद, आणि अंगातल्या पाण्यापैकी सुमारे 60-65 टक्के पाण्याचा बर्फ झालेला.

हा बर्फ असतो कातडीखाली, पोटाच्या पोकळीत, पेशींच्या अवतीभवती. पेशीच्या आत तो शिरला की खेळ संपला. म्हणून उणे 2-3 अंशांच्या सुमारास, ओल्या कातडीला बर्फाचा कण टेकला की काही मिनिटांतच यकृत कामाला लागतं. शरद ऋतूत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे यकृतातला साखरेचा साठा, मोडून ते रक्तात ग्लुकोज सोडतं. किती? 100 मिलिलिटर रक्तात 4,000 मिलिग्रॅमच्याही वर जाऊ शकतं. आपल्याकडे उपाशीपोटी 126 आले तरी मधुमेहाचं निदान होतं, यावरून अंदाज यावा.

एवढी साखर कशाला, हे लोणच्याच्या बरणीवरून कळतं. मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटतं आणि त्या आक्रसतात. पेशीबाहेर बर्फ होताना शुद्ध पाणीच गोठतं, क्षार उरलेल्या द्रवात राहतात. तो द्रव खारट होत जातो आणि पेशींतलं पाणी ओढू लागतो. पेशीत ग्लुकोज भरलेलं असलं तर ते पाणी धरून ठेवतं आणि पेशी ठरावीक मर्यादेपलीकडे आक्रसत नाही. या बेडकात थंडीपूर्वी युरियाही साठतो, त्याचंही हेच काम.

हे सगळं सावकाश व्हावं लागतं. पूर्ण गोठायला सुमारे एक दिवस लागतो. हृदय थांबण्याआधीच रक्ताने साखर अवयवांपर्यंत पोहोचवायची असते. पारा झपाट्याने कोसळला तर साखर वाटेतच राहते आणि बेडूक मरतो. उलट अलास्कात शरदात दिवसा वितळणं, रात्री गोठणं असं अनेकदा होतं, आणि दर गोठणीला यकृत आणखी साखर सोडतं. प्रयोगशाळेत एका दमात गोठवलेल्या बेडकांपेक्षा रानातले जास्त थंडी सोसतात, ते बहुधा यामुळेच. यकृतातला साठा कमी पडला किंवा बर्फ दोनतृतीयांशाच्या वर गेला, तर मात्र पेशी फार सुकतात आणि जीव वाचत नाही.

खानदेशातले बेडूक उन्हाळा चिखलात काढतात, त्यांची गाठ कोरड्याशी असते. त्यांना फ्रीजरमध्ये ठेवून पाहू नका, ते मरतील.

वितळताना क्रम आतून बाहेर असतो. हृदय आणि यकृतात साखर सर्वाधिक, त्यामुळे तिथला बर्फ आधी विरघळतो. आधी हृदय ठोके देऊ लागतं, मग श्वास, आणि पायांची हालचाल सगळ्यात शेवटी, कित्येक तासांनी. ग्लुकोज पुन्हा यकृतात ग्लायकोजेन होऊन साठतं, आणि नर थोड्याच दिवसांत डबक्याकाठी ओरडायला लागतात.