तरुण संघातला खेळ आणि सहभागिता (ग्रामीण विदर्भ)

तरुण संघातला खेळ आणि सहभागिता म्हणजे मंडळीतल्या (एका चर्चला जमणाऱ्या ख्रिस्ती लोकांतल्या) साधारण 18 ते 30 वयाच्या पोरापोरींनी प्रार्थना, वचन (बायबल), गाणी याच्यासोबत एकत्र खेळणं, रांधून जेवणं, फिरणं, निवांत बोलत बसणं, आणि त्यासाठी चर्चने वर्षाच्या कार्यक्रमात मुद्दाम जागा ठेवणं. दिसायला साधी गोष्ट आहे पण खेड्यात होते कमी. कारण खेड्यातल्या मंडळीत तरुण म्हणजे कामाचा हात. नाताळाचा मंडप, साऊंड, खुर्च्या, कॅरलची (नाताळच्या गाण्यांची) गाडी, उपास-प्रार्थनेचा चहा सगळं त्यांच्याकडे, आणि त्यांच्यासाठी म्हणून जे ठेवलं जाते तो पण शेवटी दोन तासांचा संदेशच. पोरगं कोणाच्या कामाचं नाही, फक्त आपलं आहे, असा थोडा वेळ मंडळीने त्याला द्यावा, या सगळ्याचा गाभा एवढाच.

पार्श्वभूमी

विदर्भात मिशनचं काम जुनं आहे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 ला नागपुरात आले, पुढे अकोल्याकडे अलायन्स, यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, बुलढाणा-वाशिमकडे नाझरीन अशी वेगवेगळ्या मिशनांची कामं उभी राहिली, आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची (बऱ्याच चर्चसंस्था मिळून झालेल्या संस्थेची) स्थापना पण 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरातच झाली. पाळक तयार करणारी यवतमाळची युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 ला सुरू झाली आणि 1983 ला पुण्याला गेली. पण तालुका सोडून आत गेलं की मंडळ्या लहान, ख्रिस्ती घरं मोजकी, शिकलेली पोरं बुटीबोरीच्या एमआयडीसीत नाहीतर पुण्याला गेलेली. जे मागे राहतात ते पोलीस भरतीसाठी पहाटे 1600 मीटर पळतात आणि मग दिवसभर वावरात राबतात, आणि आपल्या वयाचं, आपल्या विश्वासाचं माणूस त्यांना रविवारशिवाय भेटत नाही, तेही उपासनेत शेजारी बसून, न बोलता.

खेळ

जुनी माणसं म्हणतात, "खेळाचं असन त मैदानावर जा, चर्चमंधी काहून?" त्यांचा राग प्रेमातूनच येते, पोरं देवापासून दूर जाऊ नये ही काळजी असते, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला पाहिजे. गावोगावच्या शाळेच्या पटांगणात संध्याकाळी जो व्हॉलीबॉल चालते तो निघालाच वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेतून, विल्यम मॉर्गन यांनी 1895 ला अमेरिकेत होल्योकच्या वायएमसीएत तो बसवला, बास्केटबॉलइतकी दमछाक नको असलेल्या वयस्कर माणसांसाठी. बास्केटबॉल पण तिथलाच, जेम्स नेस्मिथ, 1891, स्प्रिंगफिल्ड. आणि ही वायएमसीए 1844 ला लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स आणि त्यांच्या सोबत्यांनी काढली, सगळे कापडाच्या दुकानात राबणारे तरुण. मद्रासला हॅरी बक यांनी 1920 ला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं तेही वायएमसीएचंच. म्हणजे राबणाऱ्या तरुणाचं शरीर, मन आणि आत्मा वेगवेगळे काढता येत नाही हे ख्रिस्ती लोकांना चांगलं माहीत होतं.

शास्त्रातही, म्हणजे बायबलमध्ये, आधार आहे. जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 8 व्या अध्यायात देवाने सावरलेल्या यरुशलेमेचं चित्र आहे, त्यात म्हातारे काठी घेऊन चौकात बसलेत आणि रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरलेत. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 21 व्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू येशू आधी निखाऱ्यावर मासे भाजून शिष्यांना न्याहारी देतो, पेत्र या शिष्याला "माझ्यावर प्रेम करतोस का" हा प्रश्न त्याच्यानंतर विचारतो, हा क्रम आपण तरुणांच्या कामात नेहमी उलटा करतो.

खेळाचा आमिष म्हणून वापर करू नये. अर्धा तास क्रिकेट आणि मग दरवाजा लावून दीड तास उपदेश, हे पोरांना पहिल्याच वेळी समजते. गावातले हिंदू, बौद्ध मित्र खेळायला आले तर त्यांना खेळायलाच बोलावलेलं असावं, प्रार्थना असेल तर आधीच सांगावं, थांबायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. ट्रॉफी आणि पैशाची पैज आली की दुसरी भानगड, मग चांगले खेळणारे तेवढे आत आणि बाकीचे टाळ्या वाजवायला. त्यापेक्षा कबड्डी, लगोरी, आट्यापाट्या, अंताक्षरी, वचन शोधायची शर्यत असं काहीतरी ठेवावं, ज्याच्यात लाजाळू पोरगं पण खपून जाते. आणि खरं बोलणं खेळ संपल्यावर होते. बापाच्या कर्जाची, मोडलेल्या सोयरिकीची, भरतीत तिसऱ्यांदा राहिल्याची गोष्ट मीटिंगमध्ये "कोणाला विनंती आहे का" विचारल्यावर कोणी काढत नाही, नेट गुंडाळता गुंडाळता काढते, म्हणून पाळकाने (चर्चच्या पास्टरने) किंवा संघाच्या मोठ्या दादाने तेव्हा घाई करून घरी जाऊ नये.

मुली

सगळ्यात मोठी उणीव इथं आहे. संध्याकाळी सात नंतरचा कार्यक्रम म्हणजे मुली आपोआप बाद, आणि आल्या तर त्यांच्या वाट्याला पोळ्या. ज्या मंडळ्यांत हे जमलं तिथं वेळ दुपारी चारची ठेवतात, महिला मंडळातल्या दोन काकू सोबत असतात, मुलींना घरून आणायची-सोडायची सोय असते, आणि स्वयंपाक पोट्टे करतात. खो-खोमध्ये मुली भारी पडतात हे सांगायला नको. लग्न झालं की मुलगी तरुण संघातून गायब होऊन सरळ महिला मंडळात मोजली जाते, वय बावीस असलं तरी. तिला दोन्हीकडे राहू द्यायला काहीच हरकत नसावी.

हंगाम आणि जेवण

शहरातलं कॅलेंडर इथं चालत नाही. जूनमध्ये पेरणी, दिवाळीच्या आसपास सोयाबीन, मग कापूस वेचणी, तेव्हा शिबिर ठेवलं तर कोणी येत नाही आणि दोष पोरांना लागते. बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 16 व्या अध्यायातला मंडपांचा सण पण खळं आणि द्राक्षकुंड आवरल्यावरच आहे, सात दिवस आनंद करायचा, आणि त्यात दास-दासी, परका, अनाथ, विधवा सगळे धरलेले. आपल्याकडे त्याला जवळचं म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत कोणाच्या तरी वावरात रोडगे-वांग्याची भाजी, हरभऱ्याचा हुळा, उकडलेल्या तुरीच्या शेंगा. वर्गणी थोडी, कणीक घराघरातून, गोवऱ्या फुकट. मे महिन्यात ज्यांना जमते ते चिखलदऱ्याला जातात, बाकीचे 45 डिग्रीत चर्चच्या हॉलमध्ये कूलर लावून.

नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा वेगळा धरावा लागते. बाहेरगावची पोरं तेव्हाच घरी येतात, नवीन कपडे, नवीन फोन, आणि गावातले त्यांच्यासमोर थोडे गप्प होतात. म्हणून टीम पाडताना गावातले विरुद्ध पुण्याचे अशी कधीच पाडू नये, चिठ्ठ्या टाकून मिसळून पाडावी, आणि त्या आठवड्यातली एक संध्याकाळ कॅरल, नाटक, प्रॅक्टिस काहीही न ठेवता मोकळी सोडावी.