रिस्ब्रॅक की रुबिलियाक? दोन स्थलांतरित शिल्पकारांचे अर्धपुतळे

अठराव्या शतकातील लंडनच्या व्यक्तिशिल्पांचा विचार करताना मायकेल रिस्ब्रॅक आणि लुई-फ्रांस्वा रुबिलियाक या दोन नावांची गल्लत सहज होते. रिस्ब्रॅक १७२०च्या सुमारास अँटवर्पहून लंडनला आला. फ्रान्समधील लियों येथे जन्मलेला रुबिलियाक त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी आला. दोघेही तेथेच स्थायिक झाले आणि दोघांनीही कवी अलेक्झांडर पोप व शास्त्रज्ञ न्यूटन यांना शिल्पात उतरवले.

रोमन पेहराव दिसला की रिस्ब्रॅक आणि घरगुती पेहराव दिसला की रुबिलियाक, असा एक ठोकताळा लावण्याचा मोह होतो. त्याला आधारही आहे. रिस्ब्रॅकने १७२३ मध्ये अर्ल ऑफ नॉटिंगहॅम या उमरावाला रोमन धाटणीत घडवले, तर रुबिलियाकचा संगीतकार हँडल (१७३८) पायात सपाता घालून ऐसपैस बसलेला आहे आणि रुबिलियाकनेच घडवलेल्या चित्रकार होगार्थच्या डोक्यावर टोपी आहे. पण पोपपाशी हा ठोकताळा कोलमडतो, कारण दोघांनीही त्याला विगाशिवाय, रोमन वळणानेच घडवले आहे. म्हणून माझ्या मते कपड्यांपेक्षा त्वचेकडे पाहावे.

रिस्ब्रॅकचा १७३०चा संगमरवरी पोप लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. तो भारदस्त आणि संयत आहे. कवीची कीर्ती आधी डोळ्यांत भरते, माणूस मागाहून. रुबिलियाकचा भाजलेल्या मातीतला पोप बर्मिंगहॅमच्या बार्बर इन्स्टिट्यूटमध्ये आहे, आणि त्यावरून १७३८ ते १७४१ या काळात त्याने संगमरवरी आवृत्त्या केल्या. या पोपचे गाल ओढलेले आहेत आणि भुवयांमधली कातडी आक्रसलेली आहे. या माणसाला डोकेदुखीचा फार त्रास असावा, हे त्या आक्रसलेल्या कातडीवरूनच आपण ओळखले असते, असे रुबिलियाकने सांगितल्याचे चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्सने नोंदवून ठेवले आहे. मणक्याच्या क्षयामुळे पोपचे शरीर लहानपणापासून वाकलेले होते. अर्धपुतळ्यात ते शरीर वगळता येते आणि दोघांनीही ते वगळले. तथापि रुबिलियाकने त्या दुखण्याची खूण चेहऱ्यावर राहू दिली, आणि हेच मला त्याचे सर्वांत मोठे सामर्थ्य वाटते.

याचा अर्थ रिस्ब्रॅक दुय्यम ठरतो असे मुळीच नाही. वेस्टमिन्स्टर ॲबीतील त्याचे न्यूटन-स्मारक (१७३१) वास्तुरचनाकार विल्यम केंटच्या आराखड्यावर उभे आहे. तेथे पुस्तकांच्या चळतीवर रेललेली आकृती दुरूनही ठसायला हवी होती, आणि ती तशी ठसते. रुबिलियाक इंग्लंडला आला तेव्हा न्यूटन हयात नव्हता. मात्र मृत न्यूटनच्या चेहऱ्यावरून घेतलेला मुखवटा त्याच्याकडे होता. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात त्याने केलेला अर्धपुतळा (१७५१) ग्रंथालयात आहे, आणि १७५५चा पूर्णाकृती पुतळा चॅपेलमध्ये, अंगात विद्यापीठाचा झगा आणि हातात लोलक (प्रिझम) घेऊन उभा आहे.