सूक्ष्मसुया, लेसरद्वारे निर्मिती

त्वचेतून औषध देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, बहुधा १ मिलिमीटरहून आखूड सुयांच्या संचाला सूक्ष्मसुया म्हणतात. त्वचेवरील १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा मृत पेशींचा थर (शृंगस्तर) भेदायचा, मात्र खोलवरच्या चेतातंतूंना फारसे डिवचायचे नाही, हे त्यांमागील तत्त्व होय. साध्या औषधी पट्टीतून सु. ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचे एकक) मोठे रेणू सहसा आत शिरत नाहीत. इन्शुलिनचा रेणू सु. ५,८०० डाल्टनचा आहे.

या कल्पनेच्या उगमाबद्दल एकवाक्यता नाही. अमेरिकेतील अल्झा कंपनीच्या गेर्स्टेल व प्लेस यांनी १९७१ मध्ये अर्ज केलेले आणि १९७६ मध्ये मंजूर झालेले पेटंट अनेक जण आरंभबिंदू मानतात. त्यात कल्पना स्पष्ट असली, तरी इतके बारीक काम करण्याची साधने पुढे सूक्ष्म-इलेक्ट्रॉनिकी उद्योगातून आली. म्हणून १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया टेक या विद्यापीठातील हेन्री, प्राउस्निट्झ प्रभृतींनी सिलिकॉनच्या सुयांनी त्वचेची पार्यता (पदार्थ आरपार जाऊ देण्याची क्षमता) वाढते हे दाखवले, तेथून या शास्त्राचा प्रारंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. त्या सुया मात्र आयनांनी (विद्युत्-भारित कणांनी) कोरलेल्या होत्या, लेसरने नव्हे.

लेसरचा एक सरळ उपयोग म्हणजे पोलादाच्या पातळ पत्र्यातून सुया कापून त्या काटकोनात वाकवणे. कापल्यावर राहिलेली कड विद्युत्-रासायनिक प्रक्रियेने गुळगुळीत करतात. लेसरने सुयांचे साचे करण्याची पद्धत अधिक लक्षणीय आहे. कोल्हापूरच्या फौंड्रीत (ओतशाळेत) पॅटर्न (वस्तूचा नमुना) वाळूतून साचा न मोडता निघावा म्हणून त्याला मुद्दाम उतार (ड्राफ्ट) देतात. सुयांच्या साच्यात तो उतार बऱ्याच अंशी किरणामुळेच मिळतो. कार्बन डायऑक्साइड लेसरच्या किरणाची तीव्रता मध्यभागी सर्वाधिक व कडेला कमी असल्याने सिलिकोन रबरात पडणारे छिद्र खाली निमुळते होत जाते, आणि त्यात घडलेली सुई आपोआप टोकदार निघते. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या भट्टीत वितळलेले लोखंड ओततात, सुयांच्या साच्यात मात्र औषधमिश्रित बहुवारिकाचे (पॉलिमरचे) पाण्यातील द्रावण ओततात. उष्णतेने प्रथिने बिघडतात, म्हणून ते सौम्य तापमानालाच वाळवावे लागते. छिद्राच्या तळाशी हवा अडकल्यास टोक बोथट राहते, यास्तव निर्वात किंवा अपकेंद्री (वेगाने गरगर फिरवणाऱ्या) यंत्राचा आधार घेतात. अशा सुया त्वचेत विरघळतात.

फेम्टोसेकंद (अतिसूक्ष्म कालावधीच्या स्पंदांच्या) लेसरने प्रकाशसंवेदी राळ (प्रकाशाने घट्ट होणारे रेझिन) बिंदू-बिंदूने घट्ट करून पोकळ सुयाही घडवता येतात. ही रीत संथ असल्याने तिच्याने मूळ नमुना करून त्यावरून साचे काढणे सोयीचे ठरते.