किशोर व तरुण रुग्णांची देखभाल (मोठ्यांच्या रुग्णालयातील)

बालरोग वॉर्डाचे वय उलटले, पण आजारपण स्वतः निभावण्याची सवय अजून झालेली नाही, अशा रुग्णांची मोठ्यांच्या रुग्णालयात घ्यायची काळजी. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार १० ते १९ वर्षे म्हणजे किशोरवय. रुग्णालयांचे खण मात्र बहुधा दोनच : मुले आणि मोठी माणसे. भारतीय बालरोग अकादमीच्या मते बालरोगतज्ज्ञांनी १८ वर्षांपर्यंतची मुले पाहावीत. अनेक सरकारी रुग्णालयांत ही हद्द १२ वर्षांवरच संपते.

त्यामुळे सोळा वर्षांचा मुलगा मेल मेडिसिन वॉर्डात येतो. एका खाटेवर अर्धांगवायू झालेले आजोबा, दुसरीवर दारूने यकृत बिघडलेला गृहस्थ. राउंडला डॉक्टर आईला विचारतात, "जेवला का? शी झाली का?" मुलगा छताच्या पंख्याकडे बघत पडून राहतो. बारावीचे प्रॅक्टिकल बुडेल का, हे त्याला विचारायचे असते. मुलींचे याहून अवघड. पाळीचा प्रश्न वडिलांसमोर विचारला, तर खरे उत्तर मिळणे कठीणच.

म्हणून या शुश्रूषेतले पहिले काम साधेच आहे : नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर थांबवून रुग्णाशी एकट्याने बोलणे. घर, शाळा-कॉलेज, खाणेपिणे, मित्रमंडळी, व्यसन, लैंगिकता, मनातले आत्महत्येचे विचार आणि सुरक्षितता, अशा क्रमाने सोप्याकडून नाजूक विषयांकडे जाण्याची पद्धत जगभर वापरली जाते. ऐकलेले गुप्त राहील, हे आधी सांगायचे. जिवाला धोका किंवा लैंगिक अत्याचार असेल तर ते राहणार नाही, हेही आधीच सांगायचे. २०१२ च्या पोक्सो कायद्याने १८ वर्षांखालील मुलांवरील अशा अत्याचाराची खबर देणे बंधनकारक केले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार अल्पवयीन मनोरुग्णाला प्रौढांपासून वेगळे, वयाला साजेशा वातावरणात ठेवावे लागते. इतर वॉर्डांनीही हा दंडक आपणहून पाळावा.

किशोरांसाठी वेगळा विभाग ही कल्पना नवी नाही. बॉस्टनच्या बालरुग्णालयात तो १९५१ साली सुरू झाला. कर्करोग झालेल्या किशोरांसाठी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात १९९० मध्ये खास वॉर्ड उघडला. महाराष्ट्रात राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली 'मैत्री' केंद्रे आहेत. पण तो बाह्यरुग्ण सल्ला झाला, खाटेवरच्या मुलाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

खरी कसोटी दीर्घ आजारांत लागते. टाइप १ मधुमेह, थॅलॅसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार), जन्मजात हृदयविकार, विदर्भात व नंदुरबारकडे आढळणारा सिकलसेल हा रक्ताचाच आनुवंशिक आजार : पूर्वी यातली कित्येक मुले मोठी होतच नसत, आता होतात. लहानपणापासून एकाच डॉक्टरकडे गेलेल्या मुलाला एके दिवशी "आता मोठ्यांच्या ओपीडीत जा" असे सांगितले, की तो कुठेच जात नाही. इन्सुलिन चुकू लागते आणि पुढची भेट थेट आयसीयूत होऊ शकते. २०१६ च्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांनुसार या बदलाची तयारी तेरा-चौदाव्या वर्षीच सुरू व्हावी आणि सगळे जुळवून द्यायला एक ठरलेली व्यक्ती असावी. आपल्याकडे हे काम वॉर्डाच्या सिस्टर किंवा समाजसेवा अधीक्षक करू शकतात : औषधांची नावे मुलाकडून वदवून घेणे, केसपेपर त्याच्याच हाती देणे, आणि नव्या ओपीडीच्या पहिल्या खेपेला सोबत जाऊन तिथल्या डॉक्टरांशी त्याची नावानिशी ओळख करून देणे.