शिलुमीम म्हणजे नक्की काय? बदला, मोबदला आणि माफी

नाझींनी ज्यूंचा जो संहार केला त्याबद्दल पश्चिम जर्मनीने १९५२च्या कराराने इस्रायलला जी भरपाई दिली, तिचं हिब्रू नाव शिलुमीम, आणि ती घ्यायची की नाही यावरून इस्रायलमध्ये मोठं भांडण झालं. ते कळायला आधी जुने ग्रंथ बघायला हवेत. ज्यू धर्म आणि सूड हा विषय निघाला की गाडी 'डोळ्याबद्दल डोळा' वर येते आणि तिथेच अडकते, म्हणून ती ओळ आधी उरकून घेऊ. मराठी बायबलात निर्गमच्या २१व्या अध्यायात ती आहे, आणि गंमत म्हणजे आपला 'बद्दल' तिथे अगदी फिट बसतो. मूळ हिब्रू शब्द 'ताखत', म्हणजे 'च्या जागी'. रस्त्यात गेलेल्या जमिनीबद्दल किती मिळाले असं आपण विचारतो तेव्हा जमिनीच्या बदल्यात जमीनच मिळाली असं कोणी धरत नाही ना, तसंच काहीसं. साधारण इ.स. २०० च्या सुमारास मिश्ना, म्हणजे ज्यू कायद्याचा जुना संग्रह, तयार झाली तेव्हा हे पैशातच चुकवायचं हे ठरलेलं दिसतं. पाच हिशोब लावायचे: शरीराची घटलेली किंमत, वेदना, औषधपाणी, बुडालेला रोज आणि झालेला अपमान. पहिला हिशोब कसा करायचा तर हा माणूस गुलामांच्या बाजारात आधी केवढ्याला गेला असता आणि आता केवढ्याला जाईल तो फरक. आज वाचताना कसंतरीच होतं, पण डोळा काढण्यापेक्षा बरंच. तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या पुढच्या चर्चेच्या ग्रंथात, तर सरळ विचारलंय की एखाद्या आंधळ्याने दुसऱ्याचा डोळा फोडला तर त्याचा कुठला डोळा काढणार.

पण या पैशाच्या वाटेला एक कुंपण आहे आणि पुढचं सगळं प्रकरण त्या कुंपणाशीच येऊन थांबतं. बायबलातल्याच गणनाच्या ३५व्या अध्यायात स्पष्ट म्हटलंय की खुन्याच्या जिवासाठी खंडणी घ्यायची नाही. हात, पाय, दात यांचे पैसे होतात, जिवाचे होत नाहीत. चुकून खून झाला तर आरोपीने सहा आश्रयनगरांपैकी एकात पळायचं, तिथे मेलेल्याच्या नातेवाइकाला त्याला हात लावता येत नाही, आणि त्या वेळचा मुख्य याजक मरेपर्यंत तिथेच राहायचं. (यावर मिश्नात एक भारी तपशील आहे, मुख्य याजकांच्या आया या पळून आलेल्यांना जेवण आणि कपडे पुरवायच्या, का तर त्यांनी आपल्या मुलाच्या मरणासाठी प्रार्थना करू नये म्हणून!)

सूड आणि डूख यांतला फरकही जुनाच आहे. लेवीय १९:१८ मध्ये दोन्हींना मनाई आहे आणि त्यावर रब्बींनी (ज्यू धर्मपंडितांनी) दिलेलं उदाहरण अगदी शेजारच्या वाड्यातलं वाटतं. मी तुझ्याकडे विळा मागितला, तू दिला नाहीस. दुसऱ्या दिवशी तू माझ्याकडे कुऱ्हाड मागतोस. मी म्हणालो, काल तू दिलास का, मग मी पण देणार नाही, तर तो सूड. आणि मी कुऱ्हाड दिली पण देताना म्हणालो, घे बाबा, मी काही तुझ्यासारखा नाही, तर ती डूख. दोन्ही नको. दुसरा प्रकार आपण सगळेच करतो आणि वर मोठेपणा मिरवतो.

माफीचा हिशोब मात्र पूर्ण वेगळ्या वहीत, आणि हे नीट धरून ठेवलं नाही तर १९५२ मध्ये एवढी डोकी का फिरली ते कळणार नाही. मिश्ना म्हणते की पाचही रकमा चुकत्या केल्या तरी मारणाऱ्याला माफी मिळत नाही, ती त्याने जाऊन मागावी लागते. आणि योम किप्पुरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपवास देवाविरुद्धच्या पापांसाठी चालतो, माणसाविरुद्धच्या नाही, तिथे त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय उपवासाचा उपयोग शून्य. (कोकणातल्या बेने इस्रायल लोकांच्या जुन्या मराठीत योम किप्पुरचं नाव 'दारफळणीचा सण', दारं बंद करून घरात बसायचं, आणि दुसऱ्या दिवशी 'शिळा सण', तेव्हा दानधर्म आणि गाठीभेटी.) बाराव्या शतकातल्या मायमोनिडीसच्या ज्यू कायद्याच्या संहितेत तर पूर्ण पद्धतच दिलीय: तीनदा माग, सोबत तीन मित्र ने, तरी नाही दिली तर आता दोष त्याचा. आणि ज्याचा अपराध केला तो मेला असेल तर दहा माणसं घेऊन त्याच्या थडग्यापाशी जा आणि तिथे मोठ्याने कबूल कर. दुसऱ्या कोणी त्याच्या वतीने माफ करून टाकायचं, अशी सोय त्यात नाही.

आता १९५१. इस्रायल तीन वर्षांचं, लोकसंख्या जवळपास दुप्पट झालेली, अंडी आणि साखर रेशनवर, माणसं तंबूत आणि पत्र्याच्या छावण्यांत. मार्चमध्ये सरकारने दुसऱ्या महायुद्धातल्या चार विजेत्या देशांना पत्र लिहून जर्मनीकडून दीड अब्ज डॉलर मागितले. हा आकडा कसा काढला ते महत्त्वाचं आहे आणि बहुतेक लेखांत ते एका ओळीत उडवून लावतात. मेलेल्यांचा हिशोब लावलेलाच नव्हता, तर साधारण पाच लाख निर्वासित वसवायचा खर्च, माणशी तीन हजार डॉलर. म्हणजे पैसे जिवंतांचे. गणनाच्या त्या ओळीला हात न लावता मागणी कशी करायची याचं हे उत्तर, असं मला वाटतं, पत्रात तसं लिहिलेलं नसलं तरी. सप्टेंबरमध्ये पश्चिम जर्मनीच्या चॅन्सेलरने, आडेनाउअरने, आपल्या संसदेत कबुली दिली की जर्मन लोकांच्या नावाने अमानुष गुन्हे झाले. 'नावाने झाले'. ही वाक्यरचना पुष्कळांना झोंबली आणि माझ्या मते बरोबरच झोंबली, कर्ता कुठे आहे त्यात?

जानेवारी १९५२ मध्ये जर्मनीशी थेट बोलणी करायची का यावर इस्रायलच्या संसदेत चर्चा ठेवली. संसद तेव्हा जेरुसलेममध्ये किंग जॉर्ज रस्त्यावरच्या एका साध्या इमारतीत भरायची. ७ तारखेला जवळच्या सियोन चौकात विरोधी नेता मेनाखेम बेगिन याची सभा झाली, ज्याचे आईवडील आणि भाऊ युरोपात मारले गेले होते, आणि सभेनंतर जमाव संसदेकडे निघाला, दगड खिडक्यांतून आत, अश्रुधूरही आत, आणि तशातच चर्चा चालू. त्या नेत्याला नंतर तीन महिने सभागृहात यायला बंदी झाली. विरोध फक्त उजवीकडून नव्हता, डावेही होते, आणि छळछावणीतून वाचलेले लोक दोन्ही बाजूंना होते.

सगळ्यात विचित्र भाग म्हणजे दोन्ही बाजू एकच वचन घेऊन भांडत होत्या. पहिल्या राजांच्या पुस्तकात अहाब राजा नाबोथचा मळा बळकावतो, त्याआधी नाबोथला दगडांनी मारवलेलं असतं, आणि एलीया संदेष्टा त्याला विचारतो की खून केलास आणि वर वारसही झालास? पंतप्रधान बेन-गुरियन म्हणाले की म्हणूनच पैसे घ्यायचे, खुन्यांना वारसा पचू द्यायचा नाही. विरोधकांनी त्याच ओळीतल्या पहिल्या शब्दावर बोट ठेवलं: खून. त्याचं काय? रक्ताचा पैसा घेऊन जहाजं बांधायची? ९ जानेवारीला मतदान झालं, ६१ विरुद्ध ५०. मी असतो तर ६१ मध्येच असतो बहुधा, रेशनच्या रांगेत उभं राहून तत्त्व पाळणं सोपं नसतं, पण ५० जणांना भावनेच्या भरात वाहून गेलेले म्हणणं मला पटत नाही. मूळ ग्रंथ बराचसा त्यांच्या बाजूने वाचता येतो.

आणि मग तो शब्द. जर्मन लोक या भरपाईला जे म्हणतात त्याचा अर्थ होतो 'पुन्हा चांगलं करणं', जे ऐकून कोणीही वाचलेला माणूस उठून निघून गेला असता. इंग्रजी शब्द 'रेपरेशन्स' हा युद्धात हरलेल्याने जिंकलेल्याला द्यायच्या दंडाचा, आणि १९४५ मध्ये इस्रायल हा देशच नव्हता. म्हणून हिब्रूत शब्द घेतला 'शिलुमीम'. मूळ धातू श-ल-म, म्हणजे चुकतं करणं, पुरं करणं, शालोम त्याच धातूतला आणि आज तेल अविवमध्ये विजेचं बिल 'भरतात' ते क्रियापदही तिथलंच. घेणाऱ्याने माफ केलं असा वास शब्दाला येऊ नये ही अट होती आणि ती पाळली गेली. पण शब्द येतो कुठून? यशया ३४:८. तिथे एकाच वाक्यात जोडीने दोन गोष्टी आहेत, परमेश्वराचा सूडाचा दिवस आणि सियोनच्या वादासाठी शिलुमीमचं वर्ष. म्हणजे कागदावर नुकसानभरपाई आणि संदेष्ट्याच्या तोंडी जवळपास सूडच. आपल्याकडे बदला आणि मोबदला हे एकाच घरातले शब्द आहेत, त्यामुळे मराठी वाचकाला हे पटकन कळावं. ज्यांनी शब्द निवडला त्यांना यशया पाठ होता, त्यामुळे हा योगायोग होता असं मी तरी मानत नाही.

करार १० सप्टेंबर १९५२ ला लक्झेंबर्गमध्ये झाला, भाषणं न करता. तीन अब्ज मार्क इस्रायलला, पंचेचाळीस कोटी मार्क ज्यू संस्थांसाठी. रोख फारशी नाहीच, बारा-चौदा वर्षांत माल: पोलाद, यंत्रं, जहाजं, रेल्वेचं सामान, आणि इंधन तेलाचे पैसे. पूर्व जर्मनीने काहीच दिलं नाही.

सूड शब्दशः घ्यायचा प्रयत्नही याच काळाच्या थोडा आधी झालाय. एप्रिल १९४६ मध्ये न्युरेंबर्गजवळ जिथे नाझी कैदी ठेवले होते त्या छावणीत, संहारातून वाचलेल्या ज्यूंच्या एका गटाने पावांना आर्सेनिक लावलं. दोन हजारांहून जास्त कैदी आजारी पडले, कोणी मेल्याची नोंद नाही. न्यायाची बाजू १९६१च्या जेरुसलेममधल्या खटल्यात आली, संहाराची यंत्रणा चालवणाऱ्या नाझी अधिकारी आइशमनवरच्या. सत्तर वर्षांत एकाला मृत्युदंड देणारं न्यायालयसुद्धा संहारक, असं एक मत मिश्नात आहे, इस्रायलने खुनासाठीची फाशी १९५४ मध्येच रद्द केलेली होती, आणि तरी मे १९६२च्या शेवटच्या रात्री फाशी झाली, राख देशाच्या सागरी हद्दीबाहेर नेऊन टाकली. माफ करा असं नव्हे पण फाशी देऊ नका असं म्हणणारे विचारवंत जेरुसलेममध्येच होते.

माफी मागायला मात्र फार उशीर लागला. फेब्रुवारी २००० मध्ये जर्मन राष्ट्राध्यक्ष इस्रायलच्या त्याच संसदेत, आता वेगळ्या इमारतीत, जर्मन भाषेत बोलले आणि जर्मनांनी जे केलं त्याबद्दल क्षमा मागितली. ती भाषा सभागृहात नको म्हणून काही सदस्य आलेच नाहीत. दहा माणसं घेऊन थडग्यापाशी जायचा नियम इथे लावायचा तर कुठल्या थडग्यापाशी?

वैयक्तिक भरपाईचा रस्ता वेगळा होता, जर्मन कायद्याखालचा. त्यासाठी अर्ज करावा लागायचा, कागद जोडावे लागायचे, तब्येत किती बिघडली हे डॉक्टरकडून लिहून आणावं लागायचं, म्हणजे पुन्हा ते मिश्नातले वेदना, औषधपाणी आणि बुडालेला रोजच. बऱ्याच जणांनी अर्ज भरले आणि दर महिन्याला पैसे घेतले. काहींनी तो कागद घरात आणलाच नाही.